पहिल्याच महिन्यात ‘पथेर पांचाली’ नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातलं वाचनालय, वरच्या मजल्यावर पत्र्याचं सभागृह, तीसेक सभासद, वयं सोळापासून पंचाहत्तरपर्यंत. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी चित्रपट दाखवायचा, असं वर्षभर. ‘वेगवेगळ्या काळातले, वेगवेगळ्या प्रकारचे, आपले आणि परदेशी असे बारा सुचवा. बहुतेकांनी हिंदी-मराठीपलीकडे फारसं पाहिलेलं नाही आणि निम्म्या लोकांना इंग्रजी सबटायटल वाचायला जड जातं,’ असं तुम्ही लिहिलं आहे.

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. थोर चित्रपटांच्या याद्या ढिगाने मिळतात, पण समोरचा माणूस दोन तास पडद्याच्या तळाशी काय वाचणार आहे, याचा विचार त्यात कुणी केलेला नसतो. मी अनेक वर्षं आमच्या गावी फिल्म सोसायटी चालवते आहे. शेजारच्या गावांत असे उपक्रम सुरू होताना आणि बंद पडताना पाहिले आहेत. बंद पडण्याचा नमुना ठरलेला: पहिल्या महिन्यात ‘पथेर पांचाली’, दुसऱ्यात जपानी ‘राशोमोन’, तिसऱ्यात स्वीडिश दिग्दर्शक बर्गमन, आणि चौथ्या महिन्यात कार्यकारिणी तेवढी हजर. दोष चित्रपटांचा नसतो, क्रमाचा असतो. म्हणून मी यादी क्रमानेच देते. प्रत्येक चित्रपटाने पुढच्यासाठी डोळा तयार करायचा, एवढा एकच निकष. ऑक्टोबरपासून सुरुवात करा. पावसाळा शेवटी आलेला बरा, कारण खाली येईल.

पहिला चित्रपट मूकपट असू द्या. सबटायटलचा प्रश्नच मिटला. बस्टर कीटनचा ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) पाऊण तासाचा आहे. थिएटरात प्रोजेक्टर चालवणारा एक पोरगा डिटेक्टिव्ह व्हायची स्वप्नं पाहत मशीनजवळच डुलकी घेतो आणि स्वप्नात सरळ पडद्यावरच्या चित्रपटात शिरतो. तिथे त्याची जी फजिती होते ती शंभर वर्षांनी आजही बघणाऱ्याला बुचकळ्यात टाकते. तो बाकावर बसायला जातो तेवढ्यात मागचं दृश्य बदलतं आणि तो भर रस्त्यात आपटतो. चालायला लागतो तर पुढे कडा. समुद्रातल्या खडकावरून पाण्यात सूर मारतो आणि डोकं बर्फात रुततं. स्थळं बदलतात, पण पडद्यावरची त्याची जागा तसूभर हलत नाही. संगणकाचा काळ नव्हता. जमीन मोजायची उपकरणं आणून कॅमेऱ्याचं आणि नटाचं अंतर दर ठिकाणी मोजून हे चित्रित केलं आहे. आगगाडीच्या टपावरून धावत तो पाण्याच्या टाकीच्या नळाला लटकतो, नळ सुटतो आणि पाण्याचा लोंढा त्याला रुळांवर आपटतो, ते दृश्यही खरंच घडलेलं आहे. त्या आपटण्यात कीटनच्या मानेचं हाड मोडलं होतं आणि ते कळलं कित्येक वर्षांनी, दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये. हे चित्रपट झाल्यावर सांगा, आधी नको.

पाऊण तासच असल्याने वेळ उरेल. त्यात दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’चा (१९१९) शिल्लक राहिलेला भाग दाखवा. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी यात कृष्ण झाली आहे. सुरुवातीला ती साध्या वेषात कॅमेऱ्यासमोर निरनिराळे भाव करून दाखवते आणि मग कृष्णाच्या रूपात येते. आधी मुलगी दाखवायची, मग देव. प्रेक्षकाला फसवतानाही फसवणूक उघड करून दाखवण्याचा हा जुन्या जादूगाराचा आत्मविश्वास आहे. गावात पेटी आणि तबला वाजवणारं कुणी असेल तर त्यांना पडद्याशेजारी बसवा. त्या काळी आपल्याकडे मूकपट तसेच दाखवले जात. पहिल्याच संध्याकाळी लोक हसत जिना उतरले, तर निम्मं काम झालं.

दुसरा, ‘संत तुकाराम’ (१९३६). ज्येष्ठ मंडळी खूश होतील आणि तरुण नाकं मुरडतील, ‘चमत्कारपट’ म्हणून. तरुणांना सांगा, तुकोबांकडे पाहू नका, आवलीकडे पाहा. विष्णुपंत पागनीस तुकोबा म्हणून अख्ख्या महाराष्ट्राच्या देव्हाऱ्यात गेले, पण चित्रपट चालतो तो गौरीने केलेल्या आवलीमुळे. घरात दाणा नाही, पोरं उपाशी, म्हैस हाच काय तो आधार, आणि नवरा अभंगांत रमलेला. पोर आजारी पडल्यावर ती हातात वहाण घेऊन देवळात विठोबाला जाब विचारायला जाते. नवरा वैकुंठाला निघतो तेव्हाही हिच्यामागचं स्वयंपाकपाणी सुटत नाही. भक्ती आणि भाकरी यांचं हे भांडण दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी कुणाचीही बाजू न घेता मांडलं आहे. दोघंही बरोबर वाटतात. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात हा चित्रपट नावाजला गेला, तो काही चमत्कारांसाठी नव्हे. आणखी एक गंमत: यातला ‘आधी बीज एकले’ हा अभंग तुकोबांचा नाही, तो शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिला. आधी विचारून पाहा, किती जण ‘गाथेतला’ म्हणतात ते.

इथे कुणीतरी म्हणेल, प्रभात फिल्म कंपनीचाच घ्यायचा तर ‘कुंकू’ (१९३७) का नाही? घ्या की. पार्श्वसंगीत अजिबात नाही, घरातलेच आवाज आहेत, आणि म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधलेली शांता आपटेंची नीरा चक्क लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. मला स्वतःला ‘कुंकू’ जास्त आवडतो. पण दुसऱ्याच महिन्यात घरोघरी वाद लावण्याऐवजी तो दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

तिसरा परदेशी, पण गाण्यांचा: ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२). मूकपट पाहिला, बोलपट पाहिला, आता या दोहोंच्या मधली धांदल पाहायची. १९२७ साली हॉलिवूडमध्ये आवाज आला आणि मूकपटांच्या नटनट्यांची भंबेरी उडाली, त्याची ही कथा. मायक्रोफोन झुडपात लपवलेला, नायिका मान वळवली की अर्धं वाक्य गायब. मग तो तिच्या कपड्यात शिवतात, तर तिच्या काळजाची धडधडच रेकॉर्ड होते. शेवटी कुणीतरी वायर ओढतो आणि बाई धाडकन खाली. यात संवाद कळले नाहीत म्हणून काही अडत नाही. गाणं-नाच आपल्या लोकांना परका नसतो. उलट ‘इंग्रजी पिक्चरमध्ये गाणी नसतात’ अशी समजूत असलेल्यांना हा धक्का सुखाचा वाटतो. पाहून झाल्यावर सांगा की आपल्याकडेही ‘आलम आरा’ (१९३१) आणि ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) यांच्या वेळी हीच गत होती. पार्श्वगायन नव्हतं, नटाने सेटवर गायचं आणि वादकांनी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसायचं.

चौथ्या महिन्यात ‘बायसिकल थीव्हज’ (१९४८). दीड तास, सोपी गोष्ट: युद्धानंतरचं रोम, पोस्टर चिकटवायची नोकरी, त्यासाठी लागणारी सायकल, आणि ती पहिल्याच दिवशी चोरीला. बाप आणि पोरगा दिवसभर ती शोधत फिरतात. बापाचं काम करणारा लांबेर्तो माज्जोरानी खरोखरच कारखान्यातला कामगार होता. मला यातलं खानावळीचं दृश्य दर वेळी नव्याने लागतं. पोराला मघाशीच थोबाडीत मारलेली असते, म्हणून बाप खिशातल्या शेवटच्या पैशांत त्याला जेवायला नेतो. शेजारच्या टेबलावर श्रीमंताचा मुलगा सुरी-काट्याने जेवतोय. हा हाताने चीजचा घास तोडतो, चीजची तार लांबत जाते, आणि त्याचं सगळं लक्ष त्या दुसऱ्या मुलाकडे. बाप हिशेब करू लागतो, नोकरी टिकली असती तर महिन्याला किती मिळाले असते. पोर घास खाली ठेवतं. सबटायटल न वाचताही हे शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं.

१९५२ मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला, तिथे हा दाखवला गेला. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. कोलकात्याच्या रस्त्यांवर रिक्षा ओढणारे बलराज साहनी आणि शेजारी छोटा मुलगा पाहिला की नातं कुणीही ओळखेल. सबटायटलवाल्यांची तक्रार फारच असेल तर इटालियन बाजूला ठेवून हा लावा. मात्र दोन्ही लागोपाठ लावू नका. दोन महिने सलग रडवलेला प्रेक्षक तिसऱ्या महिन्यात लग्नाला जातो.

म्हणून पाचवा ‘जाने भी दो यारो’ (१९८३). अनेकांनी टीव्हीवर तुकड्या-तुकड्यांत पाहिलेला असतो, महाभारताचा प्रसंग तोंडपाठ असतो. पण तीस जणांनी एकत्र पाहताना महाभारतावरचं हसू ऐन भरात असतानाच चित्रपट पुढे कसा वळतो, हे घरी एकट्याने पाहताना जाणवत नाही. बिल्डर, कमिशनर, वर्तमानपत्राची संपादिका, सगळे सामील, आणि शेवटी कैद्यांचे कपडे घालून रस्त्यावर आलेले दोन फोटोग्राफर. मागे ‘हम होंगे कामयाब’. ज्या बागेतल्या फोटोत खुनाचा पुरावा सापडतो तिचं नाव ‘अँटोनिओनी पार्क’ आहे. फोटो मोठा करत गेल्यावर खून दिसतो, ही कल्पना इटालियन दिग्दर्शक अँटोनिओनीच्या ‘ब्लो-अप’मधली (१९६६), त्याला कुंदन शाहांनी भर विनोदात केलेला हा नमस्कार. चर्चेसाठी एवढं पुरे.

‘अशी ही बनवाबनवी’ का नाही, असं विचारणारे प्रत्येक गावात असतात. पाठ असलेला चित्रपट स्नेहसंमेलनात लावावा. फार आग्रह झालाच तर हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ (१९६६) मिळवून दाखवा, मूळ कल्पना त्यातली आहे. बनवाबनवीच्या भक्तांना तो पाहताना जी जुगलबंदी सुचते ती ऐकण्यासारखी असते.

आता सहाव्या महिन्यात ‘पथेर पांचाली’ (१९५५). पाच महिन्यांत तुमच्या मंडळींनी न बोलता सांगितलेल्या गोष्टी पाहिल्या आहेत, खरे रस्ते आणि खरी माणसं पाहिली आहेत. आता हा चित्रपट ‘संथ’ वाटत नाही, निदान तशी तक्रार कमी येते. तरी आधी पाच मिनिटं बोला. काय सांगायचं? कथा नको. हे सांगा: काशफुलांच्या शेतातून दुर्गा आणि अपू ही भावंडं आगगाडी पाहायला धावतात, ते चित्रीकरण एका दिवसानंतर थांबलं. आठवड्याने मंडळी परतली तर गुरांनी सगळी काशफुलं फस्त केलेली, म्हणून पुढच्या मोसमापर्यंत थांबावं लागलं. पैसे पुन्हापुन्हा संपत होते, दागिने गहाण पडले, शेवटी पश्चिम बंगाल सरकारच्या पैशावर चित्रपट पुरा झाला. म्हातारी इंदिर ठाकुरण झालेल्या चुनीबाला देवी प्रदर्शनापूर्वीच वारल्या. आणि आणखी एक, पण हे नंतर: दुर्गेच्या मृत्यूनंतर बाप गावाहून परततो, लेकीसाठी आणलेली साडी काढून दाखवतो, तेव्हा आई सर्वजया हंबरडा फोडते. तो हंबरडा आपल्याला ऐकू येत नाही. तोंड उघडलेलं दिसतं आणि आवाज येतो तारशहनाई या तंतुवाद्याचा. हा क्षण ओळखायला डोळा मूकपटावर तयार झालेला असला तर बरं.

सातवा आणि आठवा कोर्टाचे, जोडीने. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) ची शिफारस सगळेच करतात आणि चित्रपट तसा आहेच, पण दीड तास एका खोलीत ज्युरीतली बारा माणसं निकालावर अखंड बोलतात. सबटायटल वाचता वाचता चेहरे पाहायचे राहून जातात. त्यासाठी बासू चॅटर्जींचा हिंदी ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) आहे, तो लावा. पंकज कपूर, अन्नू कपूर, के. के. रैना, सगळी नाटकात मुरलेली मंडळी. मग मूळ चित्रपटाची पहिली पाच आणि शेवटाकडची पाच मिनिटं आवाज बंद करून दाखवा. दिग्दर्शक ल्युमेटने सुरुवातीला कॅमेरा नजरेच्या वर ठेवला, मधल्या भागात नजरेच्या पातळीवर आणला, शेवटी खाली नेला. शिवाय हळूहळू लांब पल्ल्याची भिंगं वापरली. परिणाम असा की सुरुवातीची मोकळी खोली शेवटी अंगावर येते, भिंती जवळ येतात, आधी न दिसलेलं छत दिसू लागतं. गोष्ट तीच, पण खोली कशी आकसते हे आवाज बंद केल्यावरच कळतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त बोलणं या दहा मिनिटांवर झालं आहे.

पुढच्या महिन्यात चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (२०१४). आधीच्या महिन्यात न्यायासाठी टेबलावर मुठी आपटणारी माणसं पाहिलेल्यांना इथे खरं सत्र न्यायालय दिसतं: पंखे, फायली, तारखा. लोकशाहीर नारायण कांबळेंवर आरोप काय, तर त्यांच्या गाण्यामुळे गटारसफाई करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. कॅमेरा एका जागी बसून राहतो, कुणाच्या चेहऱ्याजवळ जात नाही. सरकारी वकीलबाई (गीतांजली कुलकर्णी) कोर्टातून लोकलने घरी येतात, मुलाला घेतात, स्वयंपाक करतात, सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन परप्रांतीयांची टर उडवणारं नाटक पाहतात. त्या खलनायिका नाहीत, आपल्या शेजारच्या आहेत. अडचण तीच आहे. बिनबाह्यांचा पोशाख केला म्हणून न्यायाधीश एका बाईची केस ऐकायला नकार देतात, तेव्हा सभागृहात काही जण हसतील, काही गप्प राहतील. आणि कोर्टाला सुट्टी लागते, दिवे एकेक करून बंद होतात, पडदा काळा होतो. तिथे कुणीतरी उठून लाइट लावायला जाईल, कारण सगळ्यांना चित्रपट संपला असं वाटतं. बटणाजवळ तुमचा माणूस बसवा. पुढची दहा मिनिटं न्यायाधीशांच्या सहलीची आहेत आणि सगळा चित्रपट त्यांच्यावर तोललेला आहे.

याच सुमारास मे महिना येतो. मुलांसाठी एखाद्या सकाळी मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) लावा. दुष्ट माणूस नाही, मारामारी नाही, आणि तरी पाच वर्षांचं मूल हलत नाही. आजी-आजोबांनाही बसू द्या. बस थांब्यावर पावसात छत्री धरून उभं राहण्याचं दृश्य मुलांइतकंच त्यांनाही आवडतं.

जूनमध्ये रहस्यपट हवा. हिचकॉकचा ‘रिअर विंडो’ (१९५४). पाय मोडून घरी बसलेला फोटोग्राफर खिडकीतून समोरच्या बिऱ्हाडांवर नजर ठेवतो आणि त्याला एका घरात खून झाल्याचा संशय येतो. जवळजवळ सगळा चित्रपट एका खोलीतून दिसतो त्या अंगणापुरता आहे. हे अंगण आणि समोरची एकतीस बिऱ्हाडं स्टुडिओत उभारलेली होती. चाळीत राहिलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. कोण कधी येतं, कुणाचं भांडण, कुणाचा पियानो, कुणाची खिडकी आज बंद का, हे सगळं आपल्याकडे गॅलरीत उभं राहूनच होत आलं आहे. आपल्यालाही समोरच्या घरात डोकवायला मजा येतेय हे मधेच लक्षात येतं आणि जरा ओशाळायला होतं.

भयपट म्हणून बऱ्याच जणांच्या डोक्यात ‘तुंबाड’ (२०१८) असेल. उत्तम आहे. पाऊस, वाडा, लोभ सगळं आपल्या मातीतलं, आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलेलं. पण त्याला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र आहे आणि तुमच्याकडे सोळा वर्षांची मुलं आहेत. स्वतंत्र रात्री, फक्त मोठ्यांसाठी ठेवा.

जुलैमध्ये अब्बास कियारोस्तामींचा ‘व्हेअर इज द फ्रेंड्स होम’ (१९८७). उत्तर इराणमधलं कोकेर हे गाव. आठ वर्षांच्या अहमदच्या दप्तरात चुकून मित्राची वही आली आहे. उद्या वहीत गृहपाठ नसेल तर मास्तर मित्राला शाळेतून काढणार आहेत. मित्राचं घर शेजारच्या गावात, नेमकं कुठे ते ठाऊक नाही. एवढीच गोष्ट. टेकडीवरच्या नागमोडी वाटेने पोरगं धावत जातं, परत येतं, पुन्हा जातं, आणि एकही मोठा माणूस त्याचं धड ऐकून घेत नाही. आजोबा तर त्याला मुद्दाम अडवून सिगारेट आणायला पाठवतात. सिगारेट त्यांच्याजवळ असतेच, पण पोरांना शिस्त लागली पाहिजे ना! मग सांगतात, माझा बाप मला आठवड्याला एक पैसा द्यायचा आणि पंधरवड्याला एकदा मार. पैसा द्यायला कधीमधी विसरायचा, मार द्यायला कधीच नाही. आमच्याकडचे आजोबालोक इथे खो खो हसले आणि मग एकदम हसायचे थांबले.

यात संवाद कमी आहेत, म्हणून सबटायटलचं एक काम सांगते. सबटायटलची एसआरटी फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, ओळीमागे वेळ लिहिलेली. कॉलेजच्या दोन मुलांनी मनावर घेतलं तर या चित्रपटाचे मराठी सबटायटल आठवड्यात होतात, आणि व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरवर देवनागरी नीट दिसतं. दर ओळीत सात-आठ शब्दांपेक्षा जास्त नकोत. एकदा हा कारखाना सुरू झाला की दुसऱ्या वर्षी तुमच्यापुढे सगळं जग मोकळं. तोवर दर चित्रपटाआधी अर्ध्या पानाची चिठ्ठी वाटा: पात्रांची नावं, कोण कुणाचं, बस्स. चित्रपट चालू असताना कुणी मोठ्याने भाषांतर सांगायला लागलं, तर प्रेमाने थांबवा.

ऑगस्टमध्ये कुरोसावांचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४). २०७ मिनिटं. शनिवार संध्याकाळ नको, रविवारी सकाळी दहाला सुरू करा. चित्रपटात स्वतःचं मध्यंतर आहे, तेव्हा पोहे आणि चहा. ‘शोले’ची आठवण सगळे काढतीलच, काढू द्या. पण त्यांना एका जागी थांबवा. शेतकऱ्यांनी भाताच्या जेवणावर गाव राखायला सामुराई (जपानी योद्धे) आणले आहेत, स्वतः मात्र हलकं धान्य खाऊन राहताहेत. मग कळतं की याच गरीब शेतकऱ्यांनी पळणाऱ्या जखमी सामुराईंना मारून त्यांची चिलखतं लपवून ठेवली आहेत. सामुराई संतापतात, तेव्हा तोशिरो मिफुनेचा किकुचियो उसळून म्हणतो की हो, शेतकरी लबाड आहेत, भित्रे आहेत, खुनी आहेत, पण त्यांना तसं केलं कुणी? तुम्हीच. गावं जाळणारे, धान्य लुटणारे तुम्हीच. बोलता बोलता लक्षात येतं की हा स्वतःच शेतकऱ्याचा पोर आहे. शेतीवर जगणाऱ्या तालुक्यात हे भाषण फुकट जात नाही. शेवटची लढाई मुसळधार पावसात, चिखलात आहे. तुमच्या पत्र्यावर त्याच वेळी खरा पाऊस सुरू झाला तर काही बिघडत नाही, म्हणूनच तो ऑगस्टमध्ये. पावसात पत्र्याखाली संवाद ऐकू येत नाहीत, त्यामुळे बोलघेवडे हिंदी-मराठी चित्रपट उन्हाळ्यापर्यंत उरकले. जुलै-ऑगस्टमध्ये वाचून किंवा पाहून कळणारे ठेवले.

सप्टेंबरमध्ये, बारावा, नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ (२०१३). कियारोस्तामींच्या अहमदनंतर आपल्याकडचा शाळकरी जब्या. तोही धावतो, त्यालाही एक ध्यास आहे, पण त्याच्या वाटेत मोठ्यांचं दुर्लक्ष नाही, जात आहे. डुक्कर पकडायच्या प्रसंगात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, पाठोपाठ घरचेही, आणि डुक्कर मोकळं. मग पकडलेलं डुक्कर काठीला बांधून नेताना मागे शाळेची भिंत, तिच्यावर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा. कुणी काही बोलत नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्याकडे येतो आणि पडदा काळा. हा चित्रपट पहिल्या महिन्यात लावला असता तर गावातल्या गावात कुजबुज झाली असती, दोघे-तिघे येईनासे झाले असते. अकरा महिने एकत्र बसलेली माणसं एकमेकांसमोर जास्त खरं बोलतात. त्या दिवशी चर्चेला वेळ राखून ठेवा आणि पहिलं बोलणं अध्यक्षांचं नको.

एक राखीव चित्रपट पेनड्राइव्हवर कायम असू द्या. फाइल बिघडते, डिस्क येत नाही, पाहुणा रद्द होतो. माझा राखीव ‘सामना’. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, डॉ. लागू आणि निळू फुले समोरासमोर. ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न महाराष्ट्रात कुठल्याही वर्षी, कुठल्याही महिन्यात विचारता येतो. सबटायटल नकोत, प्रास्ताविक नको. ‘सिंहासन’ही (१९७९) मोठा, पण त्यात पात्रं इतकी की मागच्या रांगेत ‘हा कोण, तो कोण’ सुरू होतं.

आता हक्कांचं. ओटीटीचं घरगुती खातं सभागृहात चालवायची परवानगी त्या कंपन्या देत नाहीत. भारतीय कायद्यात चित्रपटाचे हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतात. म्हणजे ‘कालिया मर्दन’, ‘संत तुकाराम’, ‘दो बिघा जमीन’, ‘पथेर पांचाली’ यांची मुदत संपली आहे, फक्त नव्याने दुरुस्त केलेली प्रत किंवा सबटायटल कुणाचे आहेत ते पाहा. अलीकडच्या मराठी चित्रपटांसाठी निर्मात्याला सरळ पत्र लिहा. वाचनालय आहे, तिकीट नाही, इतके सभासद आहेत, असं स्पष्ट सांगितलं तर बरेचदा होकार मिळतो, कधी दिग्दर्शक स्वतः यायला तयार होतो. परदेशी चित्रपटांसाठी एखाद्या जुन्या फिल्म सोसायटीशी जोडून घ्या. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून हे काम करतंय. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही विचारपूस करण्याजोगं.

प्रोजेक्टरचं एक सांगून थांबते. १९५३च्या आधीचे बहुतेक चित्रपट जवळजवळ चौकोनी आहेत. दोन्ही बाजूंना काळी पट्टी दिसते म्हणून कुणीतरी रिमोट घेऊन चित्र ताणतो, आणि पागनीस एकदम गुटगुटीत दिसू लागतात. पट्टी राहू द्या. टीव्ही वापरणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद करा, नाही तर कुरोसावाही दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. स्पीकर पडद्याच्या बाजूलाच ठेवा, छताला टांगू नका, आणि संपूर्ण चित्रपट आदल्या दिवशी त्याच सभागृहात, त्याच मशीनवर, शेवटच्या रांगेत बसून एकदा पाहून घ्या.